पेंटरमामांस अनावृत आभारपत्र

ती. पेंटरमामा यांस,
सा. न. वि. वि.

पाऊस उघडला, खंडेनवमीला गाड्या धुऊन पुजून झाल्या, आणि आता बेळगावात घरोघरी गाडीच्या रंगावर पातळ पारदर्शक थर देणाऱ्या सिरॅमिक कोटिंगच्या बाटल्या उघडायला लागतील. त्याआधी तुमचे आभार मानायला हवेत. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते टिळकवाडी-शहापूरपासून खानापूर, संकेश्वर, निपाणीपर्यंत अंगणात गाडी धुणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. तुमचं पोट गाड्यांच्या रंगकामावर. लोक घरी शिकले तर दारात येणारं गिऱ्हाईक कमी होणार, हे ठाऊक असूनही तुम्ही हातचं काही राखलं नाहीत.

सगळ्यात आधी आभार खरं सांगितल्याबद्दल. रंगावरचा क्लिअर कोट हा पारदर्शक थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. त्यावर आपण जे कोटिंग लावतो ते एक-दोन मायक्रॉनचं. एवढ्याशा थरानं हायवेवर ट्रकच्या चाकातून उडालेला खडा अडत नाही, चोर्ला घाटातल्या झाडीचे ओरखडेही अडत नाहीत. खड्यासाठी १५० ते २०० मायक्रॉनची पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्मच लागते. बाटलीवरचं ‘९एच’ हे पेन्सिलच्या टोकानं घेतलेल्या कडकपणाच्या चाचणीचं माप आहे, ते वाचून कोणी गाडीला चिलखत चढल्यासारखं वागू नये. कोटिंग करतं ते एवढंच: पाणी आणि चिखल धरून ठेवत नाही, पक्ष्यांची शीट आणि झाडाचा चीक यांना रंगापर्यंत पोचायला उशीर लावतं, आणि धुणं सोपं करतं. आमच्या मते तेवढंही पुष्कळ आहे. पण त्याच्याखाली जे असेल ते तसंच बंद होतं, मग ती चमक असो की ओरखडे. म्हणून दोन दिवसांच्या कामात बाटली शेवटच्या दोन-तीन तासांतच उघडायची, हे तुमचं गणित आता सगळ्यांना पाठ झालंय.

धुण्यापासून सुरुवात. आपल्याकडची तांबडी माती बारीक असते, पण मऊ नसते. कोरड्या फडक्यानं ती पुसली की क्लिअर कोटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे उठतात आणि उन्हात बोनेटवर लख्ख दिसतात. चिकोडी-निपाणी भागात गळीत हंगाम लागला की कारखान्याच्या धुराड्यातून काजळी येऊन बसते. ती हाताला भुसभुशीत लागली तरी बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे ती रंगावर वॉटर पेपरसारखी चालते. म्हणून आधी नुसत्या पाण्याच्या धारेनं वरून खाली सगळं सोडवायचं, हात लावायचाच नाही. मग दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मिट (हातात घालायचा धुण्याचा मऊ मोजा) शाम्पूत बुडवून एक पॅनेल धुवायचं, साध्या पाण्यात खळबळून पिळायचं, मगच पुन्हा शाम्पूत. टप, काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा पट्टा. चाकांसाठी वेगळं फडकं, आणि ते परत वरती आणायचं नाही. कपड्यांची पावडर वापरली तर जुनं वॅक्स उतरतं आणि रबर-प्लॅस्टिक पांढरं पडतं. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं येणारी चमक तासाभराची. त्या तेलकट थरावर संध्याकाळपर्यंत रस्त्याची सगळी धूळ चिकटते.

त्यानंतरची प्लॅस्टिकच्या पिशवीची युक्ती मात्र तुमचीच, आणि तिच्यासाठी वेगळे आभार. धुतलेल्या ओल्या बोनेटवर उघडा हात फिरवला तर गुळगुळीत वाटतं. तोच हात पातळ पिशवीत घालून फिरवला की बोटांना कणकण खरखर लागते. डोळ्याला स्वच्छ दिसणारी गाडी किती घाण आहे, ते तिथं कळतं. उद्यमबागच्या बाजूला फाउंड्र्या आणि ग्राइंडिंगची कामं, शिवाय प्रत्येक गाडीच्या ब्रेकची धूळ. हे लोखंडाचे बारीक कण रंगात रुतून बसतात आणि ओल्यानं गंजतात. पांढऱ्या गाडीवर तेच पिवळसर ठिपके होऊन दिसतात. सावलीत, थंड पत्र्यावर आयर्न रिमूव्हर फवारायचं आणि तीन ते पाच मिनिटं थांबायचं. कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि जिथं लोखंड आहे तिथून जांभळाचा रस ओघळावा तशा रेघा उतरतात. त्या वाळू द्यायच्या नाहीत, भरपूर पाण्यानं धुवायच्या. डांबराचे ठिपके खालच्या पट्ट्यावर असतात. ते टार रिमूव्हरनं मऊ करून टिपून घ्यायचे, नखानं खरवडायचे नाहीत.

मग क्ले, म्हणजे रुतलेले कण उचलून घेणारा मातीसारखा मऊ गोळा. तीस-चाळीस ग्रॅमचा तुकडा कोमट पाण्यात मऊ करून पुरीसारखा चपटा करायचा. लिटरभर पाण्यात चमचाभर शाम्पू घालून ते पाणी पत्र्यावर सढळ हातानं मारत राहायचं आणि क्ले सरळ रेषेत, हलक्या हातानं पुढं-मागं फिरवायचा. सुरुवातीला तो अडखळतो, बारीक आवाज येतो. मग आवाज बंद होतो आणि घसरायला लागतो. तिथं थांबायचं. दर पॅनेलला तुकडा मळून नवीन बाजू वर काढायची. जमिनीवर पडलेला तुकडा धुऊन परत वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. तुम्ही तो सरळ कचऱ्यात टाकायला लावलात ते बरं झालं. त्यात रुतलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघ ओढतो.

क्लेनं रंगावर हलका धूसरपणा येतो, म्हणून पॉलिश. गॅरेजमध्ये तुमच्या हातातलं मशीन एका जागी गोल फिरणारं. ते तुमच्या मनगटाला सरावलंय. घरी नवख्यानं ते धरू नये, बोनेटच्या आणि दारांच्या कडांवर रंग आधीच पातळ असतो आणि दोन क्षणांत प्रायमर दिसायला लागतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन हलतंही आणि फिरतंही, त्यामुळं उष्णता एका जागी साठत नाही. तरी कडा, हँडलच्या बाजू आणि बंपरच्या शिवणी मास्किंग टेपनं झाकायच्या. काळ्या प्लॅस्टिकवर पॉलिश गेलं तर पांढरे डाग पडतात आणि ते घालवता घालवता जीव जातो.

आधी दीड फूट चौरस जागेवर करून बघायचं: मऊ पॅड, बारीक पॉलिश, वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन पत्र्यावर टेकवूनच सुरू करायचं, नाहीतर पॉलिश भिंतीवर. कमी वेगात पसरवून मग चार नंबरवर सेकंदाला इंचभर इतक्या सावकाश आडवे-उभे चार हात. पुसून बॅटरी तिरकी धरून बघायचं. ओरखडे राहिले तरच जास्त कापणारं पॅड घ्यायचं, सुरुवातच जाड कंपाउंडनं करायची नाही. पत्र्यावर हात ठेववत नसेल इतका तापला तर थांबायचं. एका गाडीला चार-पाच पॅड लागतात; पॅड पॉलिशनं चोंदलं की ते कापत नाही, नुसतं तापतं. आणि जो ओरखडा नखाला अडतो तो पॉलिशनं जाणार नाही, त्याच्या मागं लागून आजूबाजूचा क्लिअर कोट पातळ करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल काढायचं. पॉलिशमधलं तेल बारीक ओरखडे भरून टाकतं, आणि त्या तेलावर कोटिंग धरत नाही. दोन-तीन महिन्यांत जागोजागी पाणी पसरायला लागतं आणि दोष बाटलीला दिला जातो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल १५० मिली आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर ८५० मिली, हे मिश्रण फवाऱ्यात भरून एकेक पॅनेल दोनदा पुसायचं, दर वेळी स्वच्छ फडकं. इथं आणखी एक गोष्ट नडते: बाजूच्या आरशांच्या पोटात, दारांच्या हँडलांमागं आणि मागच्या दिव्यांच्या खाचांत दडलेलं पाणी. पुसून लख्ख केलेल्या दारावर तेच नेमकं ओघळतं. ब्लोअर मारून ते आधी काढायचं, दारं आणि डिकी उघडी टाकून अर्धा तास थांबायचं.

आणि मग बाटली. शेड बंदिस्त हवी पण वारा खेळता हवा, वास डोक्यात जातो. हातात नायट्राइलचे मोजे, नाकाला वाफ अडवणारा मास्क. साध्या कापडी मास्कचा उपयोग नाही. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. हे कोटिंग हवेतल्या ओलाव्याशी जोडून कडक होतं, म्हणून पावसाळ्यातल्या दमट हवेत ते पुसायच्या आतच चिकट होऊन रेघा सोडतं. याच कारणानं बाटलीचं झाकण दर वेळी लावायचं. उघडी राहिलेली बाटली पुढच्या हंगामापर्यंत गोठलेली असते.

पहिलं पॅनेल म्हणून मागच्या दाराचा खालचा भाग निवडायचा, चुकलं तरी डोळ्यांत भरत नाही. ठोकळ्यावर गुंडाळलेल्या कापडावर पहिल्यांदा आठ-दहा थेंब, नंतर दर वेळी चार-पाच पुरतात. दोन फूट चौरस जागा, आधी आडवे हात, मग उभे, कुठंही कोरडं न सोडता. आता हात आवरायचा आणि बघत राहायचं. ओल्या रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे रंग उमटतात, मग त्यांच्यात घामासारखे बारीक थेंब जमायला लागतात. हवेप्रमाणे अर्ध्या मिनिटापासून तीन मिनिटांपर्यंत. लवकर पुसलं तर कोटिंग फडक्यातच जातं, उशीर झाला तर फडकं अडतं. थेंब जमले की आखूड लव असलेलं फडकं हलकेच, मग दुसरं कोरडं फडकं. दर दोन पॅनेलला फडक्यांची घडी बदलायची.

तिरक्या उजेडात बघायची सवय तुम्ही लावलीत. समोरून काही दिसत नाही; बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून धरली की राहून गेलेला जाड थर तेलाच्या बोटांसारखा काळपट दिसतो. तो तासाभराच्या आत सापडला तर त्यावर थेंबभर ताजं कोटिंग लावून लगेच पुसलं की निघतो. दुसऱ्या दिवशी सापडला तर पॉलिशच. म्हणून पुसून झाल्यावर दहा मिनिटांनी प्रत्येक पॅनेलवर परत फेरी मारायची. लहान गाडीला ३० मिलीची बाटली पुरते आणि वर थोडं उरतं. ते उरलेलं पुढच्या काचेवर लावू नये, वायपर थरथरतो. वापरलेली फडकी टाकून द्यायची. त्यात वाळलेलं कोटिंग काचेच्या कणांसारखं होतं आणि धुऊनही जात नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडं पहाटे दव पडतं. कोटिंग झाल्यावर किमान २४ तास गाडी शेडमध्येच, सात दिवस शाम्पू नाही. नंतर बोअरच्या पाण्यानं धुऊन उन्हात सोडायची नाही. कोटिंगवर पाणी थेंबाथेंबानं उभं राहतं आणि वाळताना सगळा क्षार त्या थेंबाच्या तळाशी गोळा होतो. म्हणजे कोटिंग केलेल्या गाडीवर चुन्याचे डाग उलट ठळक पडतात. लगेच टिपून घ्यावं. डाग पडलाच तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मिनिटभर, आणि धुऊन टाकावं. पक्ष्याची शीट वाळली असेल तर ओलं फडकं त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवून मऊ झाल्यावर उचलावी, घासू नये.

नवीन गाडी घरी आली की हळद-कुंकू आलंच, आणि ते व्हायलाच पाहिजे. पण ओलं कुंकू बोनेटवर उन्हात दिवसभर राहिलं तर डाग धरतं, आणि हाराच्या दोऱ्यानं वाऱ्यात रंग घासतो. ताज्या कोटिंगच्या गाडीला कुंकू काचेवर लावावं, हार दोन तासांत उतरवावा, हा तुमचा तोडगा घरातल्या आजींनाही पटला.

शेवटचे आभार, कोटिंग करू नका म्हणून सांगितल्याबद्दल. दारात उभ्या असणाऱ्या, रोज ऊन खाणाऱ्या, क्लिअर कोट आधीच सोलवटलेल्या जुन्या गाडीला तुम्ही सरळ वॅक्स सुचवता. कार्नोबा वॅक्स दोन-तीन महिने टिकतं, अर्ध्या दिवसाचं काम, चुकलं तर पुसून परत लावता येतं. ज्याला महिन्यातून दोनदा दोन बादल्या घेऊन उभं राहायला वेळ नाही त्यानं बाटलीवर पैसे घालू नयेत, हे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायला धीर लागतो.

तुम्ही नुकताच रंगवून दिलेला करड्या गाडीचा पुढचा बंपर आम्ही अजून कोटिंगनं झाकलेला नाही. रंगातलं थिनर उडून जाऊ दे म्हणून तीस दिवस थांबायला सांगितलं होतंत. ते येत्या रविवारी पुरे होतात. शेड झाडून ठेवलीय, नवी दहा फडकी पिशवीत बंद आहेत. सकाळी आठला चहाला या, पिशवीत हात घालून आधी तुम्हीच बघा.

आपले,
अंगणात गाड्या धुणारी आम्ही बेळगावची मंडळी