कादंबरीसाठी नोकरी सोडावी लागत नाही, पहाटेचा तास राखावा लागतो

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नवोदित लेखकांसंबंधी जो लेख आला होता, त्यात ‘कादंबरी हे पूर्ण वेळेचे काम आहे, नोकरी आणि संसार सांभाळून ते होत नाही’ असे मत मांडले होते. धरणगाव तालुक्यातील, कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी अकरा वर्षांपासून हिशेब लिहिते, घरी सासूबाई, पती आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत, आणि गेल्या चार वर्षांपासून मी एक कादंबरी लिहीत आहे. मला हे मत पटले नाही. ते वाचून आपल्या भागातल्या एखाद्या होतकरू मुलीने वही मिटून ठेवू नये, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या खानदेशात लिहिण्याचा विषय निघाला की बहिणाबाई चौधरींचे नाव निघते, आणि ‘त्यांनी जात्यावर बसून, शेतात राबून एवढे रचले, मग तुम्हाला वेळ कसा मिळत नाही’ असेही पाठोपाठ ऐकवले जाते. बहिणाबाईंविषयी माझ्या मनात पूज्यभावच आहे, पण ही तुलना मला अन्यायाची वाटते. ओवी तोंडात राहते, हात कामात असले तरी ती मनात घोळवता येते. त्यांची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी उतरवून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली, आणि पुस्तक निघाले १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर. कादंबरी अशी तोंडात धरून ठेवता येत नाही. माझ्या कादंबरीत दीडशेव्या पानावर आत्या ज्या घरात शिरते, त्या घराचे दार कोणत्या दिशेला आहे हे चाळिसाव्या पानावर लिहून झालेले असते. मध्ये आठ दिवसांचा खंड पडला, तर पुढचे दोन-तीन दिवस मागचे वाचण्यातच जातात. त्यामुळे कादंबरीला सगळा दिवस मोकळा लागतो हे खरे नाही, पण रोज त्याच वेळी येणारा आणि सहसा न चुकणारा एक तास मात्र लागतोच लागतो.

तरुणांना आणखी एक गोष्ट हमखास सांगितली जाते, ती म्हणजे भालचंद्र नेमाडे यांनी आपल्या सांगवी गावी मुक्काम करून ‘कोसला’ थोड्या दिवसांत लिहून काढली. ती १९६३ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतरची ‘बिढार’, म्हणजे चांगदेव या नायकाच्या कादंबरीमालिकेतली पहिली, आली १९७५ मध्ये, हे मात्र कोणी सांगत नाही. मधल्या बारा वर्षांत ते महाविद्यालयांतून शिकवत होते, आणि त्या मालिकेतला चांगदेवही गावोगाव प्राध्यापकीच करत फिरतो. नोकरीमुळे कादंबरीला वेळ लागला असेल, पण नोकरीतूनच तिला विषयही मिळाला. या दोन गोष्टी मुलांना एकत्र सांगितल्या पाहिजेत.

माझ्या बाबतीत हेच घडले. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागते, काटा पावत्या, कट्टी (वजनातली कपात), रुई, सरकी, गाठींचे वजन यांच्या नोंदी करता करता रात्रीचे आठ वाजतात, आणि फेब्रुवारीपर्यंत माझ्याकडून एक सलग पान लिहून होत नाही. पण खिडकीशी येऊन ‘ताई, काटा बरोबर शे ना?’ असे विचारणारा शेतकरी, त्याच्या हातातली घामाने ओली झालेली पावती आणि आकडा ऐकल्यावर क्षणभर बदललेला त्याचा चेहरा मला घरी बसून कधीच सापडला नसता. त्या दिवसांत मी बाद पावत्यांच्या पाठीवर ऐकलेली वाक्ये टिपून ठेवते. पावसाळ्यात कारखाना बंद असतो, कचेरीतले काम हलके असते, तेव्हा तीच वाक्ये कादंबरीत येतात.

पद्धतही मला नोकरीनेच दिली. कारखान्यात १७० किलोच्या प्रत्येक गाठीला क्रमांक असतो आणि वजनाची नोंद असते. तशीच मी कादंबरीची किर्द आणि खतावणी ठेवली आहे. किर्दीत रोजची तारीख, कुठे थांबले आणि उद्याचे पहिले वाक्य कोणते. खतावणीत प्रत्येक पात्राचे एक पान, त्यात त्याचे वय, नाती, तो शेवटचा कोणत्या पानावर दिसला आणि त्याने कोणाचे किती देणे ठेवले आहे. पहाटे साडेचारला उठल्यावर काय लिहू, असा प्रश्न उरत नाही, कारण पहिले वाक्य आदल्या दिवशीच लिहून ठेवलेले असते. ज्यांना नोकरी आहे त्यांनी एवढे जरी केले, तरी अर्धा तास वाचतो, आणि अर्धा तास आमच्यासाठी फार मोठा असतो.

घरची बाजू लपवण्यात अर्थ नाही. पहिले वर्षभर मी कोणाला न सांगता लिहीत होते आणि नळाला पाणी येण्याचा दिवस नेमका माझ्या पहाटेवर आला की मनातल्या मनात चिडत होते. दुसऱ्या वर्षी मी सासूबाईंना आणि पतींना समोर बसवून सगळे सांगितले. तेव्हापासून पाणी भरण्याचे काम पतींनी घेतले, आणि सासूबाई दिवा लागलेला पाहून मुलांना माझ्या खोलीत येऊ देत नाहीत. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंदा मुलांसह माहेरी आल्या, तेव्हा अठरा दिवस किर्द कोरी राहिली. त्याचे मला दुःख नाही, कारण झोक्यावरची गाणी ऐकण्याचे तेच दिवस असतात. पण ज्या बाईच्या घरी असे कोणी नाही, तिने तो तास कोठून आणावा?

माझी मागणी याच प्रश्नासाठी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ पासून आहे, आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान मिळणारी वाचनालये तालुक्यातालुक्यांत आहेत. मात्र आमच्या परिसरातील ज्या वाचनालयात मी जाते, ते उघडते तेव्हा मी कामावर असते आणि मी सुटते तेव्हा ते बंद होण्याच्या बेतात असते. अनेक ठिकाणी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका पहाटेपासून सुरू असतात, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याच अभ्यासिकांत पहाटे पाच ते सात या वेळेत दोन-तीन टेबले नोकरदार आणि गृहिणी लेखकांसाठी राखावीत, आणि त्यातले एक तरी बायकांसाठी असावे. वेगळी खोली नको, अनुदान नको. दिवा, खुर्ची आणि शांतता पुरे. आमच्या वाचनालयाच्या संचालकांची तयारी असेल, तर पहाटे दार उघडण्याची आणि किल्ली सांभाळण्याची जबाबदारी मी लेखी घ्यायला तयार आहे.

आपली नम्र,
एक नोकरदार वाचक,
ता. धरणगाव, जि. जळगाव