तुझं धनुष्य घेतलंय

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, "बाबा, यंदा शिकार नाही म्हणजे नाही," आणि मी "बरं" म्हणून विषय बदलला. ते "बरं" काही खरं नव्हतं. १ ऑक्टोबरला मिशिगनात धनुष्यवाल्यांचा हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला, त्या पहाटे मी ॲलेगनच्या रानात होतो. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू वाक्य पुरं करू दिलं नसतंस, म्हणून पत्र.

दुसरी गोष्ट, तुझं धनुष्य घेतलंय. तू सोळा वर्षांची असताना आणलेलं, जांभळ्या दोरीचं. गॅरेजमध्ये खुंटीवरच होतं. माझं साठ पौंडांचं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारं, मागेपुढे करून फार तर पन्नासवर येतं, तुझं पार पंधरापर्यंत उतरतं. ॲलन की घेऊन वरचा आणि खालचा बोल्ट सारखेच फेरे सैल केले, चाकावरचा तुकडा सरकवून ओढ माझ्या हाताएवढी लांब केली. दोरी मात्र नवी घातली, तीही जांभळीच मिळाली.

एप्रिलमधलं सगळं तुला ठाऊक आहेच. आतड्याला पीळ, मध्यरात्री ऑपरेशन, बेंबीच्या वरून खालपर्यंत चीर, २२ पिना. सर्जनने बजावलं होतं, सहा आठवडे दहा पौंडांवर काही उचलायचं नाही. दुधाचा एक गॅलन साडेआठ पौंडांच्या वर भरतो, म्हणजे माझी मर्यादा दूध! आई फ्रीजपाशी पहारा देत असायची. खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरायची, तीच तुझी हत्तीची उशी.

आता जे आईलाही सांगितलेलं नाही ते. नवव्या आठवड्यात बाहेरची जखम छान भरलेली दिसत होती, आई देवळात गेली होती, आणि मी माझं साठवालं धनुष्य खाली काढलं. टोकांना चाकं असलेल्या या कंपाउंड धनुष्याची गंमत तुला आठवत असेल. पूर्ण ओढून झाल्यावर चाकं वळतात आणि हातात जेमतेम बारा पौंड उरतात, पण तिथवर पोचायला मधले सगळे साठ ओढावेच लागतात. तेवढ्यासाठी मी श्वास कोंडला, पोट आवळलं, आणि बेंबीच्या वर आत काहीतरी तटकन ओढलं गेलं. दोरी कशीबशी परत सोडली आणि लॉनमोवरला टेकून फरशीवर बसून राहिलो. घाम असा, की चष्मा घसरला.

दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी उताणं झोपवून मान उचलायला लावली, चिरेवर बोटं ठेवून खोकायला सांगितलं. हर्निया नव्हता. मग त्यांनी शांतपणे समजावलं: कातडी दोन आठवड्यांत मिटते, पण खालचं स्नायूंचं जाड अस्तर सांधायला महिने लागतात, आणि ते कधीच पहिल्याइतकं घट्ट होत नाही, फार तर ऐंशी टक्के. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तीन महिने झाल्यावर परवानगी मिळाली. आधी नुसता रबरी पट्टा, मग पंचवीस पौंड, दिवसाला पाच बाण. ओढताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही, हे फिजिओने शिकवलं. तीस वर्षं मी उलटं करत आलो. कसोटी सोपी आहे: खुर्चीत बसायचं, पाय अधांतरी उचलायचे आणि धनुष्य आभाळाकडे न उचलता सरळ मागे ओढायचं. जमलं नाही तर ते आपल्याला जड. सप्टेंबरअखेर मला बेचाळीस जमले. कुणी म्हणालं क्रॉसबो घे, घोडा दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य, इथे चालतोच. चालतो, पण ती मला बंदुकीची धाकटी बहीण वाटते. हट्ट म्हण.

बेचाळीस पौंडांत बाणाला जोर कमी, म्हणून वीस यार्डांच्या पलीकडे सोडायचा नाही असं ठरवलंय. बाण जरा जड घेतलेत, पाती घट्ट बसवलेली. लागल्यावर उघडणाऱ्या पात्यांना लागणारा जोर माझ्यापाशी नाही. मचाणही बंद. वर चढताना अंग पोटावरच तोलावं लागतं. उन्मळून पडलेल्या ओकच्या मुळांआड स्टूल टाकून बसतो. पहिल्या दिवशी एक मादी अठ्ठावीस यार्डांवर ओकची फळं खात दहा मिनिटं उभी होती. इतकी जवळ, की दाढांचा कडकड आवाज येत होता. बाण दोरीला लावलेला होता, मी ओढलाच नाही. आपल्या माळकरी आजोबांना तेवढ्यापुरता तरी मी आवडलो असतो.

आता काम. नेम लागलाच, तर पोट साफ केल्यावरही हरीण शंभरेक पौंड भरतं आणि गाडी पाऊण मैलावर असते. ओढणं मला अजून मना आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर माद्यांमागे धावत असतात, १५ तारखेला बंदूकवाले येतात. त्याआधीचा एखादा शनिवार काढ. शिकागोहून अडीच तास. प्लॅस्टिकची घसरगाडी मी घेऊन ठेवलीय, निळी. बूट तुझे जुने आहेत, पण डाव्याचा तळ सुटलाय, येताना दुसरे आण.

आईला गॅरेजचं तू सांगू नकोस. मी सांगतो, रविवारी.

तुझा,
बाबा