हसून विषय बदलू नका

महोदय,

दसऱ्याच्या आठवड्यात दीक्षाभूमीवर लोक येतात आणि त्याच आठवड्यात नागपूरजवळच्या मिहान, बुटीबोरी, हिंगण्याच्या काही कंपन्यांत चहाच्या वेळी ‘या लोकांच्या गर्दी’ची चर्चा रंगते. एरवीही ‘पूर्ण नाव काय?’, ‘सरकारी जावई’, ईशान्येकडच्या सहकाऱ्याला ‘चिंकी’ हे सुरूच असते. अशा वेळी विभागप्रमुख हसून विषय बदलतो. ते हसणे म्हणजे परवानगी, असाच अर्थ बाकीचे घेतात.

असा जातीय वा वांशिक शेरा कानावर पडताच विभागप्रमुखाने तिथेच, सगळ्यांसमोर, एका वाक्यात थांबवावे: ‘हे शब्द इथे चालणार नाहीत.’ भाषण नको. भाषण लांबले की सगळ्यांच्या नजरा ज्याला बोलले त्याच्याकडेच वळतात. मग बोलणाऱ्याला त्याच दिवशी केबिनमध्ये बोलवावे. ‘तू जातीयवादी आहेस’ अशी सुरुवात केली, की तो आपले दलित मित्र मोजून दाखवतो. ‘साडेचारला तू हे म्हणालास’ इथून सुरुवात केली, तर बोलणे शब्दांवर राहते.

ज्याला बोलले गेले त्याला वेगळे भेटून ‘तुला काय हवे?’ विचारावे आणि ऐकावे. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. ‘त्याच्या मनात तसे नव्हते’ म्हणत दोघांचे हात मिळवून देतात, नाहीतर तक्रारदाराचीच शिफ्ट बदलतात. ही शिक्षा आहे, तोडगा नव्हे. तारीख, वेळ, जसेच्या तसे शब्द आणि हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. आठवडा गेला की शब्द बोथट होतात. पुढच्या अप्रेझलमध्ये तक्रारदाराचे गुण घसरले, तर कारण विचारावे.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. जातीय वा वांशिक अपमानासाठी खासगी कंपन्यांवर अशी सक्ती नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पण तो अनुसूचित जाती-जमातींसाठी. ईशान्येकडून आलेला प्रत्येक जण त्यात बसत नाही. शिवाय बंद दाराआड एकट्याला केलेली जातिवाचक शिवीगाळ त्यातून सुटू शकते.

म्हणून कंपन्यांनी स्वतःच्या सेवानियमांत हे लिहून घ्यावे: तक्रार कोणाकडे द्यायची, पहिले उत्तर किती दिवसांत मिळेल (७ दिवस पुरेसे आहेत) आणि चौकशी कोण करेल. तक्रार विभागप्रमुखाविरुद्धच असेल तर ती कोणाकडे जाईल, ते नावही त्याच कागदावर हवे.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर