चुकाऱ्याच्या खिडकीतून आभार

भाऊ, नमस्कार.

दिवाळीला तुम्ही पुण्याहून गावी आलात आणि सुट्टीतल्या तीन दुपारी आमच्या जिनिंगच्या ऑफिसात घालवल्यात. चहाखेरीज काही घेतलं नाहीत, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

सोमवारचा चुकारा, म्हणजे कास्तकारांना कापसाचे पैसे देणं, आला की माझ्या पोटात गोळा. आठवड्याच्या नऊशे काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) आणि हिशेबाची प्रोसीजर, म्हणजे आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधलं हिशेब करणारं फंक्शन, चालायला सतरा मिनिटं. पांढरकवड्याकडचे कास्तकार खिडकीशी उभे. "काहून जी, काम्प्युटर झोपलं का?" शेठजींना गळ घालून मी रॅमही वाढवली होती. काडीचा फरक पडला नाही. त्या पैशांचा विषय शेठजी अजून काढतात.

तुम्ही आल्या आल्या कोडला हात लावला नाहीत. क्वेरी कशी चालली आणि वेळ कुठे गेला ते सांगणारं एक्सप्लेन ॲनालाइज मी दाखवलं, तर म्हणालात, "हा बंद डबा आहे, आतलं दिसतंय का?" खरंच की, फंक्शनच्या पोटातल्या क्वेऱ्या त्यात दिसतच नाहीत. मग तुम्ही हीच माहिती आपोआप लॉगमध्ये लिहिणारं ऑटो एक्सप्लेन लावून नेस्टेड स्टेटमेंट्सचं, म्हणजे फंक्शनच्या आतल्या क्वेऱ्यांचं, सेटिंग चालू केलंत. लॉगमध्ये एकच क्वेरी नऊशे वेळा, आणि दर वेळी उचलीचं अख्खं टेबल पालथं घातलेलं.

चोर मीच निघालो. खाते क्रमांकामागे स्पेस पडायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी क्वेरीच्या अटीत त्या कॉलमलाच ट्रिम (कडेच्या स्पेस काढणारं फंक्शन) लावलं होतं. इंडेक्स, म्हणजे चटकन शोधायची सूची, नुसत्या कॉलमचा, मी मागतोय ट्रिम केलेला क्रमांक. मग तो इंडेक्स काय कामाचा? ट्रिमसकट इंडेक्स करता आला असता, पण तुम्ही घाण मुळातच साफ करायला लावलीत. एका अपडेटमध्ये सगळ्या स्पेस काढल्या, वर पुन्हा तशी नोंद अडवणारं चेक कन्स्ट्रेंट.

तेवढ्यानं वीस सेकंदांवर आलं. मी खूश, तुम्ही नाही. पट्टीगणिक फिरणारा लूप काढायला लावलात. आता खात्यावार उचलीची बेरीज एकदाच होते, ती पट्ट्यांना जोडली जाते आणि सगळा चुकारा एका इन्सर्टमध्ये पडतो. तीन सेकंद.

ओलावा-कपातीच्या फंक्शनला मी उत्साहात इम्यूटेबल, म्हणजे 'त्याच इनपुटला उत्तर कधीच बदलत नाही', असं लिहिलं, तेव्हा मात्र तुम्ही कडक झालात. ८ टक्क्यांवरच्या ओलाव्याची कपात ते टेबलातून वाचतं. टेबल बदललं की उत्तर बदलणार, मग ते इम्यूटेबल कसं? स्टेबल, म्हणजे 'एका क्वेरीपुरतं उत्तर तेच', लिहा म्हणालात. आणि स्टेबल लिहिलं म्हणून पोस्टग्रेस जुनी उत्तरं लक्षात ठेवत नाही, हेही. माझी तीच समजूत होती, भाऊ.

एक गोष्ट मनाला फार लागली. तिन्ही दुपारी कीबोर्ड माझ्याच हातात ठेवलात. मी चुकीचं टाइप करत होतो, तुम्ही भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होतात.

तुम्ही जाताना सरकीच्या विक्रीची प्रोसीजर "ही तुमची" म्हणून सोडली होतीत. परवा उघडली. आत लूप, लुपाच्या आत आणखी एक लूप. बाहेरचा निघालाय. आतला पोळ्याला याल तेव्हा दाखवतो. शेंगा मी आणतो.

तुमचा,
जिनिंगवाला कारकून