इंजिन माऊंट लाकडाचं करा, पण पातळ प्लायवर स्क्रू मारून नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रेडिओ कंट्रोल विमान घरी कसं बनवायचं यावर अख्खं पान दिलंत, वाचून खूप बरं वाटलं, मराठी पेपरात हा विषय येतोच कुठे. पण इंजिन माऊंटच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या आधाराच्या भागात ३ मिलिमीटर प्लायचा तुकडा घ्या आणि चार लाकडी स्क्रू मारा असं जे लिहिलंय ते कृपया दुरुस्त करा. मी कळव्याला राहतो, वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला बत्तीस वर्षं काढली आणि त्यातली वीसेक वर्षं हा छंद केलाय, म्हणून हक्काने सांगतोय.

चाळीस साइझचं म्हणजे साडेसहा सीसीचं ग्लो इंजिन (मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं छोटं मॉडेल इंजिन) दिसायला मुठीएवढं असतं, पण सायलेन्सरसकट वजन जवळपास अर्धा किलो, आणि १० इंची पंखा लावून ते मिनिटाला ११ हजार फेरे सहज मारतं. टू स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक दणका, म्हणजे सेकंदाला १८० च्या वर दणके त्या चार स्क्रूंवर. लाकडी स्क्रूचे आटे एवढ्यावर टिकतच नाहीत, आणि त्यात सायलेन्सरमधून तेल उडत असतं ते भोकात मुरतं.

माझं पहिलं माऊंट खोक्याच्या पाइनवूडचं होतं, मऊ, कापायला छान. तिसऱ्या फ्लाइटला इंजिनचा आवाज एकदम फाटल्यासारखा झाला आणि डोळ्यादेखत इंजिन सुटून भातशेतात पडलं, नाकाचं वजन गेल्याबरोबर विमान शेपटीवर बसलं आणि गिरक्या घेत खाली आलं. शेतात त्या वेळी कोणी नव्हतं हे नशीब, तो पंखा कोणाच्या अंगावर गेला असता तर काय झालं असतं हा विचार आजही मनातून जात नाही. नंतर लाकूड उचलून बघितलं तर गोल भोकं अंड्यासारखी लांबट झालेली आणि आतलं लाकूड तेलाने इतकं मऊ पडलेलं की नखाने निघत होतं.

मग नीट काय ते सांगतो. दोन पट्ट्या घ्यायच्या, चाळीस साइझला १० बाय १२ मिमीच्या, लाकूड कडक आणि बारीक रेषेचं, गाठ एकही नको. परदेशात मेपल किंवा बीच वापरतात, आपल्याकडे फर्निचरवाल्यांकडे स्टीम बीचचे तुकडे मिळतात, बहुतेक वेळा फुकटच. सागवानही चालतं पण सागाला स्वतःचं तेल असतं, चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसलं नाही तर इपॉक्सी धरत नाही. रेषा पट्टीच्या लांबीतच हव्यात, आडव्या गेल्या की पट्टी भोकापाशीच चिरते. पट्ट्या नुसत्या पुढच्या फायरवॉलला, म्हणजे इंजिनमागच्या आडव्या भिंतीला चिकटवून भागत नाही, फायरवॉलमधून आरपार मागच्या फॉर्मरपर्यंत, म्हणजे बॉडीच्या आतल्या पुढच्या आडव्या चौकटीपर्यंत न्यायच्या म्हणजे ओढ सगळ्या बॉडीवर वाटली जाते. फायरवॉल ६ मिमी बर्च प्लायची, नाही मिळाली तर चांगल्या मरीन प्लायची, आणि कापल्यावर कड बघायची, साध्या कमर्शियल प्लायमध्ये आत पोकळ्या असतात आणि बरोबर तिथेच तुमचं भोक येतं. इपॉक्सी अर्ध्या तासाची घ्या, पाच मिनिटवाली इथे नको.

स्क्रू अजिबात नाही. आरपार अ‍ॅलन बोल्ट, खाली नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने न सुटणारा), आणि इंजिनच्या कानाखाली, म्हणजे बाजूच्या भोकवाल्या पट्ट्यांखाली दीड मिमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, नाहीतर बोल्ट आवळताना लाकूड चेपत जातं आणि तुम्हाला वाटतं घट्ट झालं. भोकं हातमशीनने नको, स्टँडच्या ड्रिलवर पाडा, वागळेत कुठल्याही वर्कशॉपमध्ये चहाच्या पैशात करून देतात. इंजिन किंचित उजवीकडे बघायला हवं, साधारण २ अंश, म्हणजे १० सेंटिमीटरला साडेतीन मिमी, ते भोकं मारायच्या आधी पेन्सिलने आखून घ्या, नंतर पाचरी मारत बसायला लागतं.

पॉलिशचं मात्र नीट ऐका. आमच्या ओळखीच्या सुताराने मोठ्या प्रेमाने लाखेचं पॉलिश मारून दिलं होतं, आरशासारखं चकचकीत, आणि पहिल्याच दिवशी इंधन सांडलं तिथे चिकट तपकिरी राप झाला. ग्लोचं इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल आणि लाख त्यात विरघळते, सुताराची काही चूक नाही, त्याच्या फर्निचरवर कोण मिथेनॉल ओततं. त्याऐवजी इपॉक्सी पातळ करून दोन हात द्या, भोकांच्या आतूनही काडीने फिरवा. (मिथेनॉल विषारी असतं आणि पेटलं तर उन्हात ज्वाळा दिसतच नाही, लहान मुलांच्या हातात बाटली देऊ नका.)

आणि आपल्याकडची हवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दिवाळीनंतर आकसतं, जूनमध्ये घट्ट असलेला बोल्ट डिसेंबरमध्ये बोटाने फिरतो. मी दर सीझनला पहिलं उड्डाण करायच्या आधी सगळे बोल्ट तपासतो. एवढं केलं तर लाकूड उत्तम, थरथर पिऊन घेतं, टाकीत इंधनाला फेस कमी येतो, रेडिओच्या रिसीव्हरलाही हादरे कमी. २००९ साली केलेलं माझं बीचचं माऊंट अजून चालू आहे, इंधनातलं एरंडेल पिऊन गुळासारखं काळपट झालंय पण हललं नाही.

अजून एक, कुठल्याही मोकळ्या मैदानात उडवा असंही छापलंय. चाळीस साइझचं ट्रेनर विमान २ किलोच्या वर जातं, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांत ते मायक्रो म्हणजे २ किलोपर्यंतच्या वर्गात बसत नाही, आणि नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर उलवे-पनवेलकडचे आमचे जुने माळ आता विसरायचे. आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा बघा हे एक वाक्य तरी टाका.

मे महिन्याची सुट्टी लागायच्या आत दुरुस्ती छापा ही विनंती, कारण पोरांनी ते पान कापून ठेवलंय. आमच्या बिल्डिंगमधला नववीतला मुलगा काल तेच कात्रण आणि ३ मिमी प्लायचा तुकडा घेऊन माझ्याकडे आला होता. त्याला बीचच्या दोन पट्ट्या दिल्यात आणि रंधा मारायला बसवलंय.

आपला एक जुना वाचक,
कळवा, ठाणे