चटणीच्या पाऊचवर काय छापायचे, हे सरकारने मराठीत सांगावे
अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या चार जणी माझ्या घरी आल्या. पिशवीत शेंगाचटणीचे पाऊच होते, छापून आलेले, अजून न भरलेले. नाव, पत्ता, वजन, किंमत, हिरवा ठिपका, फूड लायसनचा चौदा आकडी नंबर, सगळे जागच्या जागी होते. तरी दुकानदाराने माल घ्यायला नकार दिला होता. पाऊचवर 'बेस्ट बिफोर' होते, पण एक्सपायरीच्या तारखेला जागाच ठेवली नव्हती. आणि शेंगदाण्याची चटणी असूनही 'यात शेंगदाणे आहेत' ही अ‍ॅलर्जीची सूचना कुठे नव्हती. गटाच्या अध्यक्ष ताईंनी मोबाइल काढून मला नमुना दाखवला. नमुना इंटरनेटवरचा होता, बिनचूक होता, फक्त २०११च्या, आता बदललेल्या विनियमांप्रमाणे होता. छपाईचे सगळे पैसे पाण्यात गेले.

मी अन्नतंत्राची पदवीधर आहे. बचत गटांना, घरगुती मसालेवाल्यांना फूड लायसन आणि लेबलच्या कामात मदत करते. ही चूक मी अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी मला वाईट वाटते, कारण चूक करणाऱ्यांनी विचारण्यात कसूर केलेली नसते. त्यांनी विचारले ते मोबाइलला, आणि मोबाइलने त्यांना जुना कायदा आजचा म्हणून सांगितला. म्हणून हे पत्र. माझी मागणी एवढीच आहे: अन्न सुरक्षेचा कायदा आज नेमका काय आहे, हे आपल्या खात्याच्या संकेतस्थळावर मराठीत आणि तारखेसह वाचायला मिळावे.

हा कायदा स्थिर नाही. १९५४चा अन्न भेसळ प्रतिबंध कायदा आणि फळे, मांस, दूध यांचे निरनिराळे जुने आदेश रद्द करून अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ आला. त्याचे नियम आणि विनियम ५ ऑगस्ट २०११पासून लागू झाले. पुढे पॅकिंग आणि लेबलचे ते एकत्र विनियम फोडले गेले. पॅकिंगचे वेगळे आले २०१८मध्ये, जाहिराती आणि दाव्यांचेही २०१८मध्ये, लेबलचे २०२०मध्ये. आधी 'बेस्ट बिफोर' चालत होते, आता एक्सपायरी किंवा 'यूज बाय' सक्तीचे आहे आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक. मांसाहारी पदार्थाच्या खुणेच्या चौकोनात तपकिरी गोल होता, आता तपकिरी त्रिकोण आहे. सुटी मिठाई विकणाऱ्याला मात्र १ ऑक्टोबर २०२०पासून ट्रेजवळ 'बेस्ट बिफोर'चीच तारीख लावायची आहे. म्हणजे एकाच रस्त्यावरच्या चटणीवालीला एक आणि हलवायाला दुसरे. दोन्ही बरोबर आहे, पण कोणीतरी समजावून सांगायला हवे.

तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटचे, म्हणजे आरोग्याला घातक स्निग्धांशाचे पाहा. मर्यादा आधी ५ टक्के होती, जानेवारी २०२१पासून ३ टक्के झाली आणि जानेवारी २०२२पासून २ टक्के. इंटरनेटवर आज तिन्ही आकडे सापडतात आणि तिन्ही आपापल्या वर्षी खरे होते. तारीख नसलेला खरा आकडाही माणसाला खड्ड्यात घालतो. त्यात विनियम पक्का होण्याआधी त्याचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो. तो मसुदाच 'नवा नियम आला' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि लोक घाबरून छपाई बदलतात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संसदेचा कायदा, सरकारचे नियम, केंद्रीय प्राधिकरणाचे (एफएसएसएआयचे, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे) विनियम, एखादा आदेश आणि नुसती सल्लावजा सूचना, या पाच गोष्टींचे वजन सारखे नाही. मे २०१३मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने उत्पादन-मंजुरीची सक्ती अशाच एका सूचनेतून केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१४मध्ये ती अमान्य केली आणि ऑगस्ट २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा सूचनेला कायद्याचे बळ नसल्याचे सांगितले. ही लढाई मोठ्या उत्पादकांनी लढली, कारण त्यांच्याकडे वकील होते. पापडवालीला कागद दाखवून 'हे सक्तीचे आहे' म्हटले, की ती मान डोलावते. तो कागद पाचांपैकी कुठला, हे तिला कळण्याची सोय तर हवी.

शब्दांचाही घोळ आहे. वर्तमानपत्रात सगळ्याला एकच शब्द, भेसळ. कायद्यात मात्र कमी दर्जाचा, मिथ्याछाप आणि असुरक्षित हे तीन वेगळे प्रकार आहेत. पनीरच्या कोरड्या भागात दुधाचे स्निग्धांश किमान ५० टक्के हवेत. ते कमी भरले, पण आरोग्याला अपाय होण्यासारखे काही नसले, तर पनीर कमी दर्जाचे ठरते. कलम ५१, दंड ५ लाखांपर्यंत. लेबल चुकीचे किंवा फसवे असेल तर मिथ्याछाप, कलम ५२, दंड ३ लाखांपर्यंत. असुरक्षित अन्नासाठी कलम ५९ आहे. तिथे तुरुंगवास आहे, आणि कोणाचा जीव गेला तर जन्मठेपेपर्यंत. माझ्याकडे आलेल्या एका काकूंच्या हाती लेबलच्या चुकीची नोटीस पडली होती. 'मिथ्याछाप' शब्द वाचून त्यांनी दोन रात्री झोप घेतली नाही. आपण विषारी माल विकला असा आरोप आहे, असे त्यांना वाटले होते. हा शब्द मराठीच आहे, पण त्याचा अर्थ लिहिलेले एक पान त्यांना कुठे सापडले नाही.

अशा वेळी वेळ फुकट जाणे महागात पडते. नमुना तपासणाऱ्या अन्न विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध अपील करायला अहवाल मिळाल्यापासून ३० दिवस असतात. दंड ठरवताना, चूक नकळत झाली का, हेही पाहावे असे कलम ४९ सांगते. त्रुटी असतील तर कलम ३२ खाली सुधारणेची नोटीस देण्याची तरतूद आहे. कायदा छोट्या माणसाला संधी देतो, पण ती संधी इंग्रजी पीडीएफच्या साठाव्या पानावर असते आणि दिवस मोजले जात असतात.

ग्राहकाच्या बाजूचेही तेच. दिवाळीत किती किलो खवा पकडला, याची बातमी दरवर्षी येते. पण कलम ४० प्रमाणे कोणत्याही ग्राहकाला, विकत घेताना दुकानदाराला तसे सांगून आणि फी भरून, तो पदार्थ विश्लेषकाकडून तपासून घेता येतो आणि दोष निघाला तर फी परत मिळते, हे किती घरांत माहीत आहे? माझ्या वर्गांत मी विचारते तेव्हा एखादाच हात वर होतो.

आपले अधिकारी कदाचित म्हणतील, विनियम केंद्राचे आहेत, राज्य काय करणार. पण नमुना घेणारे, नोटीस देणारे आणि दंड ठरवणारे अधिकारी राज्याचेच आहेत. कलम ३० प्रमाणे राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांवर अन्नसाखळीतल्या निरनिराळ्या घटकांमध्ये जागृतीसाठी प्रशिक्षण घेण्याचीही जबाबदारी आहे. त्याच कलमाखाली राज्याने २०१२पासून गुटख्यावर बंदी घातली, आणि असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाचा असल्याने तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. आज लागू असलेला आदेश कुठला, हा प्रश्न तर राज्याच्या स्वतःच्या कागदाचा झाला. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ स्वतःहून जाहीर करायच्या माहितीसाठी स्थानिक भाषेचा विचार करायला सांगते. सरकारी कामकाजाच्या मराठीसाठी आपला १९६४चा राजभाषा अधिनियम आहेच.

दुसरी शंका भाषांतराच्या अचूकतेची असेल. केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांत प्राधिकृत पाठ काढण्यासाठी १९७३चा स्वतंत्र कायदा आहे. त्या वाटेने राज्याने पाठपुरावा करावा. तोवर सोप्या मराठीतली पाने थांबायला नकोत. प्रत्येक पानाखाली 'वाद झाल्यास राजपत्रातील पाठ ग्राह्य' एवढी ओळ पुरे.

पान कसे असावे, हे मला रोजच्या कामातून दिसते. एका विषयाला एक पान. माथ्यावर लागू झाल्याची तारीख आणि शेवटच्या बदलाची तारीख. खाली तो कायदा आहे, विनियम आहे की सल्ला, आणि राजपत्राचा दुवा. बदल झाला की जुना मजकूर पुसू नये, 'अमुक तारखेपर्यंत लागू' असा शेरा मारून ठेवावा, कारण जुन्या मालाच्या खटल्यात तोच लागतो. शासन निर्णयाला आपण संकेतांक देतो आणि तो नंबर टाकला की गावातल्या सेतू केंद्रातही शासन निर्णय निघतो. तशीच ओळख या पानांना द्यावी. मजकूर युनिकोड मराठीत, शोधता येईल असा असावा. स्कॅन केलेला वाकडा कागद मोबाइलवर वाचताही येत नाही आणि शोधताही येत नाही. नोंदणीच्या पानावर फीचा आकडा ठळक लिहावा. २०११च्या विनियमांनी छोट्या व्यावसायिकाची नोंदणी फी वर्षाला १०० रुपये ठरवली, आणि मी एजंटाला २,००० रुपये देऊन आलेल्या बायका पाहिल्या आहेत. लेबलच्या पानावर भाषेचेही स्पष्ट लिहावे: सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, त्याच्या जोडीला मराठी छापता येते. 'मराठी चालत नाही' असे सांगून मराठी मजकूर काढायला लावलेली पाकिटे माझ्या कपाटात आहेत.

या कामात लोक हात लावायला तयार आहेत. सरकारी भाषांतर प्रसिद्ध झालेले नसेल तर, 'हे अधिकृत भाषांतर नाही' असे नमूद करून, कायद्याचे आणि नियमांचे भारतीय भाषेत भाषांतर करायला कॉपीराइट कायदाही मोकळीक देतो. अन्नतंत्राची महाविद्यालये, कायद्याचे विद्यार्थी, आमच्यासारखे काम करणारे मसुदे लिहितील. आपल्या खात्याने ते तपासावेत, तारीख घालावी, आणि पुढे बदल झाला की ते पान सुधारण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावे ठेवावी. हे शेवटचे झाले नाही, तर ही पानेही दोन वर्षांत त्या २०११च्या नमुन्यासारखी होतील.

गटांनी मला विचारलेले प्रश्न मी वहीत उतरवून ठेवते. ती वही आपल्या सोलापूरच्या कार्यालयात आणून द्यायला मी तयार आहे. सुरुवात लेबलच्या पानापासून व्हावी ही विनंती. गणपती उठले की दिवाळीचे पाऊच छापायला जातात. त्याआधी ते पान दिसले, तर या वर्षीची छपाई वाया जाणार नाही.

आपली विश्वासू,
एक अन्नतंत्र पदवीधर, सोलापूर