मोजे काढायला लावणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

गंगापूर रोडच्या क्लिनिकमध्ये तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुढचा पेशंट!" अशी हाक मारता. म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला आवडायचं नाही.

कंपनीच्या आरोग्य तपासणीत माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 238 आलं होतं आणि त्याच कागदावर खाली, हिरव्या अक्षरांत, 'दहा वर्षांतला हृदयविकाराचा धोका : कमी'. वय 41, बीपी-शुगर नॉर्मल, तंबाखू नाही, मग धोका कसला? तुम्ही कागद बाजूला सारून म्हणालात, "मोजे काढा." टाचेमागची जाड शीर (स्नायूबंध; आनुवंशिक कोलेस्टेरॉल तिथे साचतं) चिमटीत धरलीत, दुसऱ्या पायाचीही बघितलीत. "वडिलांची अशीच होती का?" होती. सेफ्टी शूजनी पडलेले घट्टे असं आम्ही समजायचो. अण्णा 46व्या वर्षी ड्यूटीवरच गेले. नातेवाइकांनी टेन्शनवर खापर फोडलं.

मग बाहेर गर्दी असतानाही तुम्ही समजावत बसलात. नेहमीचं गणित आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाल्यांना लावायचंच नसतं, कारण आमचं कर्ज जन्मापासून चढत आलेलं आणि ते गणित फक्त या महिन्याचा हप्ता बघतं. एलडीएल किती आणि किती वर्षं, लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा आणखी एक कण), बीपी, वजन, तंबाखू, घरात कमी वयात कुणाला अटॅक आला का, हे सगळं धरावं लागतं. स्पेनमधल्या अशाच रुग्णांवरून 2017मध्ये धोका मोजायचं 'सेफहार्ट' नावाचं सूत्र निघालं, तेही सांगितलंत. आणि ते तिकडच्या लोकांवर बेतलेलं, आपल्याकडे अटॅक लवकर येतात, तेव्हा आकडा अंदाज म्हणूनच घ्या, हेही. लायपोप्रोटीन-ए तर मी कधी ऐकलंही नव्हतं. जन्मात एकदा तरी तपासावं म्हणे. (मिसळीवर बंदी येणार म्हणून मी धास्तावलो होतो. "तर्री कमी घ्या, पण गोळी चुकवू नका," एवढंच म्हणालात.)

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. चिठ्ठीच्या मागे तुम्ही आमचा वंशवृक्ष काढलात, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, आणि बजावलंत की आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी, सगळ्यांना तपासा. नऊ वर्षांच्या पुतणीचं एलडीएल 204 निघालं आणि घरात रणकंदन. आत्या म्हणाली, "पोरीला आत्तापासून गोळ्या? उद्या लग्नाचं काय?" वहिनी रडायला लागली. तुम्ही दोघींना स्वतः बोलावून घेतलंत. पोरीत काही खोट नाही, यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही एवढंच. 8-10 वर्षांच्या वयापासून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) देता येतं आणि लवकर सुरू केलं तर तिचा धोका चारचौघींइतका खाली येऊ शकतो. आत्याशी तर तुम्ही आत्याच्याच आवाजात बोललात! "लग्नाची काळजी नंतर, आधी मुलगी पन्नाशी बघेल याची सोय करू." त्यावर आत्या गप्प. आमच्या घरात हे सहसा घडत नाही.

आता आत्याचीही तपासणी झाली. तिच्या मुलांची बाकी आहे. धाकटा पुण्याहून येतोय, रिपोर्ट घेऊनच पाठवतो. त्याचे मोजे काढायला लावाच, आणि कृपा करून त्याच्याकडून फी घ्या.

आपला,
सातपूरचा एक पेशंट